जुन्या जीपचा भाव : रंगाचा, चासीचा की कागदाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या जीपगाड्यांचे भाव कसे चढताहेत, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. ‘दारात उभी ठेवा आणि भाव वाढताना बघा’ असा त्याचा एकंदर सूर. सोबतच्या फोटोखाली ओळ होती, ‘दुसऱ्या महायुद्धातली विलीज’, म्हणजे अमेरिकेतल्या विलीज कंपनीची जीप. फोटोतल्या गाडीचं बोनेट मडगार्डपासून चांगलं उंच, जाळीला उभ्या सात फटी, मागे उघडणारा फाळका, स्टिअरिंग उजव्या हाताला. ही महायुद्धातली जीप नव्हे, ही सीजे-३बी, विलीजचीच नंतरची नागरी जीप. अमेरिकेत ती १९५३ साली आली आणि महिंद्रने ती आपल्याकडे पुढे कित्येक वर्षं बनवली. फोटोओळीतली चूक दुसऱ्या दिवशी चौकटीत सुधारता येते. पण हीच चूक लोक पाच-सात लाख मोजून करताहेत, म्हणून हे पत्र, आणि ते जरा लांबच झालं आहे.

भाव चढलेत यात वाद नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी चालू स्थितीतली महिंद्रची एमएम ५४० जीप लाख-दीड लाखाला सहज मिळायची. आज कागद धड असलेल्या ५४० साठी चार-पाच लाखांच्या आत मालक बोलू देत नाही, आणि ‘लो बोनेट’ (बुटक्या बोनेटची जुनी विलीज) हा शब्द उच्चारला की आकडा त्याच्याही पुढे पळतो. मारुतीची जिप्सी २०१९ मध्ये बंद झाली, २०२० मध्ये महिंद्रची नवी थार आली आणि शहरातल्या ज्या माणसाने कधी फोर-व्हीलचा दांडा हातात धरला नव्हता त्यालाही जुनी हवीशी वाटू लागली. अमेरिकेत १९६६ ते ७७ ची पहिली ब्रॉन्को आणि टोयोटाची एफजे ४० यांचं हेच झालं. फरक एवढाच की तिकडे जाहीर लिलावात हातोडा पडलेला भाव छापून येतो. आपल्याकडे छापून येतो तो मागितलेला भाव. सौदा कितीला झाला हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच ठाऊक, आणि ते दोघेही खरं सांगत नाहीत. तेव्हा जाहिरातीतले आकडे जोडून काढलेला चढता आलेख म्हणजे बाजारभाव नव्हे, एवढं आधी मान्य करू.

आता ओळखीचं. महायुद्धातली जीप दोन कारखान्यांनी बनवली, विलीजने ‘एमबी’ म्हणून आणि फोर्डने ‘जीपीडब्ल्यू’ म्हणून, १९४१ ते १९४५. विलीजच्या सुरुवातीच्या २५,८०८ गाड्यांना पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. त्यानंतरच्या सगळ्यांना पत्र्यातून ठोकून काढलेली, नऊ फटींची. मागचा पत्रा बंद, फाळका नाही, स्टेपनी त्याच पत्र्यावर. आणि सगळ्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या. युद्धानंतरच्या नागरी सीजे-२ए ला सात फटी, मोठे दिवे, मागे फाळका आणि स्टेपनी बाजूला. महिंद्रने (तेव्हाची महिंद्र अँड मोहम्मद) १९४७ पासून मुंबईत सुट्या भागांतून जोडायला घेतल्या त्या या नागरी विलीज. म्हणजे ‘महिंद्रने जोडलेली महायुद्धातली जीप’ असं जाहिरातीत वाचलं की पुढे वाचायची गरज नाही.

एखादी एमबी मागाहून उजव्या स्टिअरिंगची केलेली असू शकते. तशी असेल तर डाव्या चासी पट्टीवर जुन्या स्टिअरिंग बॉक्सची भोकं रिकामी दिसतात. भोकंच नसतील तर ती चासी त्या गाडीची नाही. नंबर बघायची जागाही ठरलेली आहे. विलीजचा नंबर डाव्या चासी पट्टीच्या आतल्या अंगाला, पुढच्या बंपरमागे, रिव्हेट मारलेल्या छोट्या पट्टीवर असतो. फोर्डचा चासी पट्टीच्या वरच्या अंगाला, इंजिनच्या बाजूला, थेट पंच केलेला. आणि नंबर वाचता येत नसेल तर रेडिएटरखाली हात घाला. तिथली आडवी क्रॉस मेंबर विलीजची गोल नळीची असते, फोर्डची उलट्या यू आकाराची. रंगाचे दहा थर चढवले तरी बोटांना हा फरक कळतोच. फोर्डने तर बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर उठवलं होतं. अशी एक-दोन अक्षरं सापडली म्हणजे सगळी गाडी फोर्डची, असंही नाही. गेल्या ऐंशी वर्षांत या दोन्ही गाड्यांचे भाग एकमेकींत इतके फिरलेत की मिसळ नसलेली गाडीच विरळा.

बाजारात ‘लो बोनेट विलीज’ म्हणून जे दिसतं त्यातलं बहुतेक काय असतं ते स्पष्ट लिहायला हवं. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या गावांत जीपचा नवा टब, म्हणजे अख्खी बॉडी, पत्रा वाकवून बनवून मिळते. त्यात वाईट काही नाही, हात चांगले आहेत त्यांचे. हा टब सीजे-३बी च्या चासीवर बसवतात, कारण एमबी, २ए, ३ए आणि ३बी या चारही गाड्यांच्या पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर एकच, ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. ३बी ची चासी मिळाली नाही तर एमएम ५४० ची घेतात. तिचं अंतर ९१ इंच. मग ११ इंच कापून, टोकं जुळवून वेल्डिंग मारतात. खरी गडबड इथे.

कापलेली चासी ओळखायला गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या. वायर ब्रश आणि थिनर घेऊन चासी पट्टीच्या मधल्या दोन-अडीच फुटांत खालून, वरून आणि आतून रंग काढा. कारखान्याच्या पट्टीला तिथे सलग पत्रा असतो. कापलेल्या पट्टीवर आडवा किंवा तिरका जोड, त्यावर ग्राइंडर फिरवल्याच्या रेघा आणि बहुतेक वेळा वरून मारलेली थिगळपट्टी सापडते. मग टेपने दोन्ही बाजूंना हबच्या मध्यापासून हबच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर एकतर चासी वाकडी जोडली आहे किंवा स्प्रिंगच्या पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून आस सरकला आहे. दुसरं असेल तर दुरुस्ती किरकोळ, पहिलं असेल तर हात जोडून निघा. पुढच्या डाव्या पाट्याच्या ब्रॅकेटपासून मागच्या उजव्या ब्रॅकेटपर्यंत, आणि मग उलट, अशी कर्णांची मापंही घ्या. कापलेल्या गाडीत मागच्या आसाला जोर नेणारा प्रोपेलर शाफ्टही आखूड करावा लागतो. त्याचा कोन वाढतो आणि त्याच्या टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, वारंवार जातात. गाडी साठच्या पुढे गेली की सीटखालून गुरगुर येते ती त्याचीच. मालक म्हणतो, टायरचा आवाज आहे.

टब नवा की मूळचा, हे रंगावरून कळत नाही, जोडांवरून कळतं. कारखान्यातला पत्रा स्पॉट वेल्डिंगने जोडलेला असतो, त्यामुळे कडेला ठरावीक अंतरावर नाण्यासारखे बारीक खळगे दिसतात. हाताने बनवलेल्या टबात सलग वेल्डिंग मारून ते घासून सपाट केलेलं असतं. ज्या जुन्या टबाला रंगापूर्वी लांबी (खड्डे बुजवायचा लगदा) थापली आहे त्यासाठी खिशात एक लोहचुंबक ठेवा, पातळ कापडात गुंडाळलेला, म्हणजे रंगाला ओरखडा नको. मागच्या चाकांवरची खोकी, ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर आणि काचेच्या चौकटीचं तळ, या तीन जागी तो चिकटला नाही तर खाली पत्रा नाही, लांबी आहे. गंजावर लांबी मारलेली असेल तर पहिल्याच पावसाळ्यानंतर तिला फोड येतात. टबाच्या खाली फ्लोअरला आधार देणाऱ्या पन्हाळीसारख्या पट्ट्या असतात. मूळ गाडीत त्यांच्या पोटात लाकूड भरलेलं असायचं. ते पाणी पितं आणि पट्टी आतून खातं. वरून रंग अगदी शाबूत. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा, आत गेलं तर आत काही उरलं नाही.

किनाऱ्यावर वापरलेली गाडी आणि देशावरची गाडी यांच्या भावात फरक असायला हवा, पण बाजारात तो कुणी करत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात चिऱ्याची लाल माती आणि खारी हवा चासीच्या पुढच्या बंद भागात जाऊन बसते. हातोडीने हलकं ठोकत पुढून मागे जा. टणटण आवाज बदलून भदभद झाला की तिथे पापुद्रे आहेत. सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या गाडीत गंज कमी, पण ती वडापला, म्हणजे भाड्याने प्रवासी भरून नेण्याला, धावलेली असण्याचा संभव मोठा. मागे जादा पाटे घातलेले, पाट्यांच्या ब्रॅकेटभोवती चासीला बारीक चिरा, त्यावर वेल्डिंगचे थर. अशा चासीला ‘मजबूत केलेली’ असं म्हणून विकतात.

कागदांबद्दल आपल्या लेखात एक ओळही नव्हती, आणि आमच्या मते भाववाढीचं निम्मं कारण कागदांतच आहे. चासीवर पंच केलेला नंबर, आरसी बुकातला नंबर आणि परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीतली नोंद, या तीनही गोष्टी जुळणारी चालू नोंदणीची जुनी जीप फार कमी उरली आहे. लोक पैसे मोजताहेत ते त्या जुळण्याचे. तेव्हा कागद आणि पेन्सिल घेऊन जा, चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल प्रिंट घ्या. आरटीओत तेच मागतात. अंकांची उंची, त्यांच्यातलं अंतर आणि तळाचा पत्रा नीट बघा. पत्रा भोवतीपेक्षा खोलगट किंवा चकचकीत असेल तर जुना नंबर घासून नवा मारलेला आहे. हा गुन्हेगारीचा विषय आहे, हौसेचा नाही.

१९८९ पूर्वीची तीन अक्षरी नंबराची गाडी असेल तर आधी तिची ऑनलाइन नोंद आहे का ते तपासा. नसेल तर बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून, करून घेण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाका आणि ती होईपर्यंत विसार सोडून बाकी पैसे देऊ नका. परराज्यातल्या गाडीला फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत दाखला) लागते. दिल्ली परिसरात १० वर्षांपुढची डिझेल आणि १५ वर्षांपुढची पेट्रोल गाडी चालवण्यावर निर्बंध आल्यापासून तिकडच्या बऱ्याच गाड्या दक्षिणेकडे सरकल्या. त्यांची एनओसी खरी आहे ना, आणि नोंदणी मधल्या काळात रद्द तर झालेली नाही ना, हे बघूनच पुढचं बोलणं. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्जाचा बोजा असेल तर ३५. लष्कराच्या लिलावातली गाडी असेल तर लष्करी अधिकाऱ्याने दिलेलं फॉर्म २१ चं मूळ विक्री प्रमाणपत्र हवं, झेरॉक्स नाही. त्याच्याशिवाय ती गाडी कितीही देखणी असली तरी भंगारच.

इंजिनाचा प्रश्न त्याहून नाजूक. जुनी विलीज पेट्रोलची, २१९९ सीसी. पण पेट्रोलचा खर्च झेपेना म्हणून गेल्या पन्नास वर्षांत कित्येकांनी तीत डिझेल बसवलं. कुणी महिंद्रचं प्युजो, कुणी डीआय, कुणी टोयोटाचं २सी. आरसीवर इंधन ‘पेट्रोल’ आणि बोनेटखाली डिझेल, ही सर्रास दिसणारी जोडी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असा बदल परवानगीशिवाय करू देत नाही. त्या कलमावर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकालही मूळ रचनेत बदल करण्याच्या विरोधातच आहे. गॅरेजवाला म्हणेल, ‘कोण बघतंय?’ अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर बघतो.

विंटेज नोंदणीबद्दलही भलते समज आहेत. २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांवरची दुचाकी-चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. फी नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं. नव्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. पण दोन अटी जाहिरातवाले सांगत नाहीत. एक, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. दोन, ही गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल एवढ्यासाठीच. म्हणजे डबवालीचा टब आणि डिझेल इंजिन असलेली जीप या नियमात बसतच नाही, तिची चासी १९५५ ची असली तरी. आणि १९८६ ची अगदी अस्सल ५४० वयात बसत नाही. तिला दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नोंदणीचं नूतनीकरण करायचं, पर्यावरण कर भरायचा, तपासणीला उभं करायचं. ही नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये मोटारींसाठी ६०० वरून ५,००० झाली आणि २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या मोटारींसाठी १०,०००. पंधरा ते पन्नास या पस्तीस वर्षांच्या पट्ट्यात गाडी ना नवी ना वारसा. ५४०, ५५०, सीजे ३४०, पहिल्या जिप्स्या सगळ्या याच पट्ट्यात आहेत. या काळात चुकलेलं एक नूतनीकरण म्हणजे बाजारातून एक कागदवाली गाडी कमी. उरलेल्यांचा भाव त्यामुळेही वाढतो. अस्सल अवस्थेतल्या गाडीसाठी वयाची अट पन्नासवरून खाली आणावी असं आमचं मत आहे. परिवहन खात्याच्या कुणी हे पत्र वाचलं तर बरं.

यंत्राकडे येऊ. विलीजच्या फ्लॅटहेड इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. सीजे-३बी च्या ‘हरिकेन’ इंजिनात इनटेक वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. बोनेट उंच करावं लागलं ते यामुळे. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन गेज लावा. फ्लॅटहेडला ११० पीएसआयच्या आसपास, हरिकेनला थोडं जास्त. आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे चार सिलिंडरांतला फरक. तो १० पीएसआयच्या आत हवा. एखाद्यात कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा गेल्यात, नाही आला तर व्हॉल्व्ह. एक्झॉस्टच्या सीटपासून सिलिंडरपर्यंत ब्लॉकला चीर असेल तर मात्र तो ब्लॉक खर्चाच्या लायकीचा राहत नाही. ५४० मधलं प्युजो इंजिन एक्सडीपी ४.९० म्हणजे चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोर, २११२ सीसी. ते तापलं की हेड वाकतं. हेड उतरवलेलं असेल तर सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून बघितल्याशिवाय नवं गॅस्केट टाकू नये. नाहीतर महिन्यात पुन्हा रेडिएटरमध्ये बुडबुडे.

फोर-व्हील चालतं का हे डांबरावर बघू नका. पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळी फिरायला बघतात, मध्ये डिफरन्शियल नाही, मग सगळा ताण गिअरांवर येतो आणि दांडा अडकून बसतो. मातीवर किंवा खडीवर न्या. लो मध्ये टाकून चढावर जोर द्या, मग अ‍ॅक्सिलरेटर सोडा. दांडा उडून बाहेर आला तर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी गिअरपेटी, उघडावी लागणार. स्पायसर १८ ही जुनी ट्रान्सफर केस चिवट आहे, पण तिचा इंटरमिजिएट शाफ्ट आणि सुया बेअरिंगं झिजतात, आणि शाफ्टच्या भोकातून ऑइल गळतं. तो शाफ्ट तीन मापांत येतो : युद्धकाळातला पाऊण इंच, नंतरचा एक इंच एक सूत आणि त्यानंतरचा सव्वा इंच. दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारातून ‘विलीजचा शाफ्ट’ एवढंच सांगून मागवलात तर पार्सल परत पाठवायची तयारी ठेवा. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा आहेत तिथे जीएल-५ प्रतीचं गिअर ऑइल घालू नये, जीएल-४ घालावं. दुकानदार जीएल-५ ला ‘भारी’ म्हणतो, पण त्यातली रसायनं पितळ खातात.

चाळीस-पन्नासच्या वेगाला पुढची चाकं फडफडायला लागली की लोक स्टिअरिंग डॅम्पर बसवून मोकळे होतात. त्याने रोग झाकतो. पुढचं चाक उचला, वरून-खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर चाकाची बेअरिंगं ढिली, राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती खुंटी. किंगपिनच्या बेअरिंगला शिमा (पातळ चकत्या) घालून ताण द्यायचा असतो. रस्त्यावरचा मिस्त्री शिमा फेकून देतो किंवा दोन्ही बाजूंना वाटेल तशा घालतो. मग स्टिअरिंगच्या जोडांतली बेल क्रँकची पिन, ड्रॅग लिंकचे बॉल, टाय रॉडची टोकं बघा आणि शेवटी टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा कल, दीड-दोन मिलिमीटर. हा क्रम उलटा केला तर टो-इनचे पैसे पाण्यात.

ब्रेकचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. एकच सर्किट, मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली. एका चाकाचा कप फाटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. विलीजचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला तर तोही गेला.  म्हणून रंगाचे पैसे राखून आधी चार व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, सगळे होज आणि दोन शाफ्टांचे चार क्रॉस नवे घ्या.

‘उभी ठेवा आणि भाव वाढताना बघा’ हे वाक्य पेट्रोल गाडीला तर विषासारखं आहे. आता पंपावर येतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या रबरी नळ्या आणि फ्युएल पंपाचा पडदा त्याने फुगून फुटतो. गाडी उभी राहिली की इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आपल्या पावसाळ्यात तर भरपूर. मग पाणी खाली बसतं आणि टाकी आतून गंजते. विलीजची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, तेव्हा गळतीचा अर्थ वेगळा सांगायला नको. इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या आणि पडदा बसवा, महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा. रिकाम्या टाकीला वेल्डिंग लावणाऱ्यांनी ती आधी पाण्याने पूर्ण भरून, वाफ घालवून घ्यावी. ‘रिकामीच आहे’ म्हणून टॉर्च लावलेल्या टाक्यांनी माणसं मारली आहेत.

विम्याचं गणितही लेखात नव्हतं. पाच वर्षांपुढच्या गाडीची विमा किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. पंचवीस-तीस वर्षांच्या जीपला कंपनी बहुधा थर्ड पार्टीच देऊ करते. सहा लाखांची गाडी जळली तर हातात शून्य. मूल्यांकनाचा अहवाल, फोटो आणि बिलं जोडून ठरीव किमतीची पॉलिसी मागावी लागते. मिळाली तर मिळाली.

जिप्सीचं थोडक्यात. १९८५ ची पहिली ९७० सीसी, १९९६ ची किंग १२९८ सीसी. हिचे भाग अजून मिळतात, म्हणून घेणाऱ्याचं रडगाणं कमी. लष्करासाठी बनलेली जोंगा मात्र डोळे दिपवते. जबलपूरच्या वाहन कारखान्यातली, निसानच्या ‘पॅट्रोल’ गाडीच्या घराण्यातली, ३९५६ सीसी सहा सिलिंडर. घ्यायला स्वस्त वाटते, पेट्रोल पंपावर खरी किंमत कळते. आणि भाग म्हणाल तर दुसरी जोंगा घेऊन मोडणं हाच बहुतेकांचा मार्ग.

आपल्या वार्ताहरांना एक सुचवणं. यापुढे जुन्या जीपचा भाव छापाल तेव्हा त्यासोबत आरसीवरचं उत्पादन वर्ष, आरसीवरचं इंधन आणि बोनेटखालचं इंजिन, आणि नोंदणी कधीपर्यंत चालू आहे, हेही छापा. मालक यातली एक गोष्ट सांगायला टाळत असेल तर आकडाही छापू नका.

आपले,
जुन्या जीपगाड्यांची इंजिन, टिंकरिंग आणि कागदांची कामं करणारे काही जण,
उद्यमनगर, कोल्हापूर

ता.क. विलीज आणि जुन्या सीजे गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. ते उजव्या बाजूसारखे सोडवायला जाऊन पान्ह्यावर उभं राहू नये, स्टड तुटतो. चाकाच्या पाच बोल्टांचं वर्तुळ साडेपाच इंचांचं, जिप्सीचंही तेच. तेव्हा ‘अस्सल विलीज’ला जिप्सीच्या रिमा दिसल्या तर गडबडू नका, मूळ रिमा कुठे आहेत तेवढं विचारा.